तुरीचा भाव आणि आफ्रिकेचा नकाशा

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि दार-ए-सलाममधील माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी नोकरीभर इतिहास शिकवला आणि वडिलोपार्जित कोरडवाहू शेतीही सांभाळली. सध्या मुलीकडे मुक्कामाला आलो आहे असे कळल्यावर मंडळाने मला ‘आफ्रिका खंडाचा राजकीय इतिहास आणि सामरिक महत्त्व’ हा विषय दिला. सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या नऊपटींहून मोठा आणि संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश असलेला हा खंड तासाभरात सांगून होणारा नव्हे. तुम्ही इथे वर्षानुवर्षे राहता, इथली भाषा बोलता. तेव्हा इथली माणसे कशी आहेत हे मी तुम्हाला सांगणे शोभणार नाही. मला सांगता येण्यासारखे एवढेच आहे की, या खंडाचे राजकारण विदर्भातल्या एखाद्या शेताच्या धुऱ्यापर्यंत येऊन कसे पोहोचते. कापूस, खत आणि तूर या तीन वाटांनी ते पोहोचते, आणि मीही त्याच वाटांनी जाणार आहे.

आफ्रिकेचे नाव आमच्याकडे वर्गापेक्षा बाजार समितीत अधिक वेळा निघते. २०१७ च्या फेब्रुवारीत तुरीचे कट्टे ओट्यावर रिकामे करून आम्ही हर्रासाची वाट पाहत होतो. हमीभाव ५,०५० रुपये जाहीर झालेला होता आणि बोली चार हजारांच्या आसपास अडली होती. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना संपलेला होता, त्यामुळे ट्रॅक्टरच्या रांगा फाटकाबाहेर गेल्या होत्या. अडत्याने तुरीची मूठ हातात घेऊन दाणे चाळवले आणि म्हणाला, “मास्तर, मुंबईले अफ्रिकेचा माल उतरला म्हनते. आता भाव कायचा चढते!” रांगेतल्या कोणीही नकाशा पाहिलेला नव्हता, पण मोझांबिक हे नाव त्या हंगामात सगळ्यांच्या तोंडी झाले. त्या आरोपात किती तथ्य होते, ते पुढे सांगतो. त्याआधी दीडशे वर्षे मागे जावे लागेल, कारण कापसाच्या निमित्ताने वऱ्हाड आणि आफ्रिका यांची गाठ त्याच काळात पडली.

१८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीने निजामाशी तह करून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतला. निमित्त कर्जाचे होते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची जी फौज निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली होती, तिच्या पगाराची बाकी थकली, आणि बाकीपोटी काळ्या जमिनीचा हा सुपीक मुलूख तारण म्हणून गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टाच करून घेतला. तारण सोडवण्याची निजामाची आशा तिथे संपली. दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेची शाखा पोहोचली, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आमची ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची रेल्वे यवतमाळपर्यंत आली. प्रवासी त्या गाड्यांतून बसत असत, पण रूळ टाकले गेले ते गाठींसाठी.

नेमके याच वर्षांत इजिप्तमध्ये काय घडत होते ते पाहा. तिथेही अमेरिकन युद्धामुळे कापसाचा भाव चढला. १८६३ मध्ये गादीवर आलेल्या खेदिव, म्हणजे तिथला राज्यकर्ता, इस्माईलने त्या भावाच्या भरवशावर कालवे, रेल्वे, राजवाडे आणि नवे कैरो उभे करण्यासाठी युरोपीय पेढ्यांकडून कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र वाढत राहिले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि सहाच वर्षांनी, १८७५ मध्ये, कालव्याच्या कंपनीतील आपला सुमारे ४४ टक्के हिस्सा इस्माईलला ४० लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकावा लागला. पुढच्या वर्षी सावकार राष्ट्रांचे मंडळ इजिप्तच्या तिजोरीवर येऊन बसले, १८७९ मध्ये खेदिवला पदच्युत करण्यात आले आणि १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्याने देशाचा ताबा घेतला. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या, हे आपण सोयीने विसरतो.

कापूस गहाण ठेवून मुलूख जाणे हा प्रकार विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पाठ्यपुस्तकात आफ्रिकेच्या वाटणीची सुरुवात १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेपासून होते. मला ती सुरुवात सावकाराच्या वहीत दिसते. बर्लिनमध्ये चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता, आणि कोणत्या अटींवर कोणाचा कब्जा मान्य करायचा हे तिथे ठरले. १९१४ पर्यंत लायबेरिया आणि इथिओपिया हे दोनच देश परकीय सत्तेबाहेर उरले. त्यांपैकी इथिओपियाने १८९६ मध्ये अडोवाच्या लढाईत इटलीचा पराभव करून आपले स्वातंत्र्य रणांगणावर राखले होते.

तुम्ही ज्या भूमीवर राहता ती, म्हणजे आजचा मुख्य भूमीवरचा टांझानिया, जर्मनीच्या वाट्याला गेली. जर्मन अधिकाऱ्यांनी दक्षिणेकडील गावांवर कापसाची सक्ती केली; स्वतःच्या धान्याची कामे सोडून गावच्या सामाईक शेतात राबायचे आणि मोबदला मात्र नगण्य. १९०५ च्या जुलैमध्ये मातुंबीच्या टेकड्यांतील लोकांनी कापसाची झाडे उपटून बंडाची घोषणा केली. मंतरलेले पाणी अंगावर घेतले की गोळ्या लागत नाहीत अशा श्रद्धेने हे ‘माजी माजी’ बंड दक्षिणेत पसरले, आणि ते मोडण्यासाठी जर्मनांनी उभी पिके व धान्याचे साठे जाळले. लढाईपेक्षा दुष्काळाने अधिक माणसे गेली. मृतांचा अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत दिला जातो. आमच्याकडे पऱ्हाटी उपटण्याचे काम हंगाम संपल्यावर करतात. उभी पऱ्हाटी उपटणे म्हणजे काय, हे कापूसवाल्यालाच कळेल.

स्वातंत्र्याचा इतिहास तुम्हाला अधिक ठाऊक आहे, म्हणून भराभर पुढे जातो. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, १९६० या एका वर्षात सतरा देश स्वतंत्र झाले आणि ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी. १९६३ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली. तिच्या १९६४ च्या कैरो अधिवेशनात इथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या पुढाकाराने जो ठराव झाला, तो मला या खंडाच्या राजकारणातील सर्वांत शहाणा आणि सर्वांत कडू निर्णय वाटतो: वसाहतवाद्यांनी आखलेल्या सीमा जशा आहेत तशा मान्य करायच्या. त्या सीमांनी जमाती चिरल्या होत्या, तरीही त्या उकरून काढल्या तर प्रत्येक धुऱ्यावर भांडण पेटेल हे त्या पिढीने ओळखले. नंतरच्या काळात एरिट्रिया १९९३ मध्ये आणि दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळे झाले; असे अपवाद फार थोडे आहेत. यादवी युद्धे मात्र पुष्कळ झाली. त्यांतल्या अनेकांना बाहेरच्या महासत्तांनी शस्त्रे पुरवली, आणि काँगोचे निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या स्वातंत्र्यानंतर सात महिन्यांच्या आत, जानेवारी १९६१ मध्ये झाली. काँगोतील शिंकोलोब्वेच्या खाणीचे युरेनियम अमेरिकेच्या पहिल्या अणुबाँबसाठी वापरले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या देशावर एवढ्या नजरा का होत्या ते उमगते.

आज तोच काँगो जगातील कोबाल्टच्या खाण-उत्पादनापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक हिस्सा देतो, आणि त्याच्या व झांबियाच्या तांबेपट्ट्याकडे जाणाऱ्या दोन रेल्वेंवरून पुन्हा स्पर्धा लागली आहे. एक रेल्वे तुमच्या याच शहरातून निघते. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या राजवटीमुळे झांबियाच्या तांब्याची दक्षिणेकडची वाट अडली, पाश्चात्त्यांनी पैसा द्यायला नकार दिला आणि चीनने १९७० ते १९७५ या काळात कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटरचा ताझारा मार्ग बांधून दिला. तो मार्ग पुन्हा धडधाकट करण्यात चीनला आता रस आहे. अमेरिका आणि युरोपीय संघ अंगोलाच्या लोबिटो बंदराकडील मार्गाच्या पाठीशी आहेत. खाणीपासून बंदरापर्यंतचे रूळ ही शकुंतलेचीच भावंडे. फरक असलाच तर हा, की या वेळी ज्याच्या घरात खाण आहे त्याला दोन गिऱ्हाइके आहेत आणि तो भाव करू शकतो.

आता खताकडे येतो. जून महिन्यात कृषी केंद्रासमोर डीएपीच्या पोत्यासाठी रांग लागते, तेव्हा त्या पोत्यातले स्फुरद (फॉस्फरस) कुठून आले असे कोणी विचारत नाही. जगातील फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा येथे आहेत. पश्चिम सहारातील बू क्राच्या खाणीतून माल किनाऱ्यावर नेणारा सरकता पट्टा जवळपास शंभर किलोमीटर लांब आहे. स्पेनने तो प्रदेश १९७५-७६ मध्ये सोडला, मोरोक्कोने तो व्यापला आणि पोलिसारियो या स्वातंत्र्यवादी संघटनेने तिथे प्रजासत्ताक जाहीर केले. त्या प्रजासत्ताकाला सदस्यत्व मिळाले म्हणून मोरोक्को १९८४ मध्ये आफ्रिकी संघटनेतून बाहेर पडला, तो २०१७ मध्ये तिच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघात परतला. भारताने त्या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. परराष्ट्र खात्याच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. एवढे खरे की, भारत स्फुरदाच्या बाबतीत परावलंबी आहे आणि मोरोक्को हा आपला मोठा पुरवठादार आहे.

समुद्राबद्दल थोडक्यात. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-एल-मांदेब ही सामुद्रधुनी तीसेक किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या तोंडाशी असलेल्या जिबूतीसारख्या चिमुकल्या देशात अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन अशा सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. वास्को-द-गामाची वाट एकविसाव्या शतकात पुन्हा गजबजली आणि खत असो वा कापसाची गाठ, भाड्याचा बोजा वाढला.

कापसाच्या बाबतीत आफ्रिका आमची प्रतिस्पर्धी आहे असे आमच्याकडे मानतात. २००३ मध्ये कॅनकूनच्या जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जी बाजू मांडली, ती शब्दशः विदर्भाची बाजू होती. या अनुदानांमुळे जगाचा भाव पडतो आणि मार कोरडवाहू शेतकऱ्याला बसतो. आमच्या किती पुढाऱ्यांनी तेव्हा त्यांचे नाव घेतले? आणखी एक उदाहरण आमच्या कामाचे आहे. बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी कापूस स्वीकारला, पण धाग्याची लांबी घटून त्यांच्या कापसाचा बाजारातला मान गेला, तेव्हा काही वर्षांत तो बंद करून ते जुन्या वाणांकडे परतले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर कृषी शास्त्रज्ञ वाद घालतील. मला त्यात एवढे दिसते की, वाण बदलण्याचा निर्णय देश म्हणून घेता येतो.

आता तूर. २०१५ मध्ये शहरांत तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली, सरकार हादरले आणि जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यात मोझांबिकशी करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत आयात दोन लाख टनांवर न्यायची होती. त्याच खरिपात भाव पाहून आम्हीही तूर पेरली, पाऊस बरा झाला आणि देशाचे उत्पादन एका वर्षात जवळजवळ दुप्पट होऊन ४८ लाख टनांच्या घरात गेले. म्हणजे भाव पाडला तो प्रामुख्याने आमच्याच पिकाने आणि अपुऱ्या सरकारी खरेदीने. आफ्रिकेचा माल त्यात भर घालणारा होता, पण केवळ त्या मालाने ४८ लाखांचा बाजार बुडत नाही. अडत्याचे म्हणणे सोपे होते म्हणून टिकले.

पुढची गोष्ट मात्र आमच्या बाजार समितीत कोणी सांगितली नाही. ५ ऑगस्ट २०१७ रोजी भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातील मोझांबिकचा वाटा तिच्यातून वगळला होता. टांझानियाशी असा करार नव्हता. इथली तूर जुलै-ऑगस्टच्या सुमारास निघते, आमची डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे म्त्वारा आणि लिंडीच्या शेतकऱ्याचा माल घरात येत असतानाच त्याचे सर्वांत मोठे, जवळजवळ एकमेव परदेशी गिऱ्हाईक दार लावून बसले. भाव कोसळले. हा तोच दक्षिण भाग आहे, जिथे १९०५ मध्ये कापूस उपटला गेला. नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी, म्हणजे तूरच, तुम्ही इथे आवडीने खाता. पण बाजारासाठी तूर पेरणाऱ्याची नजर दिल्लीच्या अधिसूचनेवर असते, आणि त्याच अधिसूचनेवर यवतमाळच्या शेतकऱ्याचीही असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले आणि त्याचे श्रेय भारताने योग्य तऱ्हेने घेतले. पण मैत्रीची परीक्षा दोन्हीकडच्या पेरणीआधी होते. आयात खुली राहणार की नाही, किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे टांझानियातील पेरणीच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, किमान तीन वर्षांसाठी जाहीर व्हावे, आणि आमच्या मालाच्या आवकीच्या काळात, डिसेंबर ते मार्च, आयात शुल्क ठरलेल्या दराने लागू असावे. हे दोन्ही शेतकऱ्यांना परवडणारे आहे आणि सरकारलाही अवघड नाही. तुमच्यापैकी जे धान्याच्या व्यापारात आहेत, त्यांच्याकडे म्त्वाराच्या पेऱ्याचा आणि गोदामातील साठ्याचा अंदाज आमच्या अडत्याच्या आधी येतो. तो दर हंगामात मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकला, तर आमच्या तालुक्यातली चार पोरे तो मोबाइलवर वाचतील आणि तूर कधी विकायची ते ठरवतील.