तांब्याच्या पत्र्यावरचं द्वंद्व: लंडन, 1829

[पडद्यावर: व्यंगचित्रकार विल्यम हीथचं रंगीत छापचित्र]

21 मार्च 1829 ची सकाळ. लंडनजवळचं बॅटर्सीचं माळरान. पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे आहेत खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान, ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि अर्ल ऑफ विंचिल्सी. वेलिंग्टन म्हणजे 1803 साली असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. कॅथलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा तो रेटत होता. त्यानं पाठिंबा दिलेल्या लंडनच्या प्रोटेस्टंट किंग्ज कॉलेजच्या आडून तो पोपचा पंथ देशात घुसवतोय, असा आरोप विंचिल्सीनं वर्तमानपत्रातून केला आणि माफी मागायला नकार दिला.

हीथनं वेलिंग्टनच्या धडावर शेवंडाचं डोकं बसवलंय. लाल डगलेवाल्या शिपायांना लोक 'लॉब्स्टर', म्हणजे शेवंड, म्हणून हिणवत. अंगात कॅथलिक साधूचा झगा, कमरेला जपमाळ. विंचिल्सी मात्र म्हणतोय, आपण अंग चोरून उभं राहावं. यात थट्टा आहे, पण रीतही आहे: पिस्तुलाच्या द्वंद्वात अंगाची एक बाजू समोर करून उभं राहायचं, म्हणजे नेम धरायला जागा कमी मिळते.

[पडद्यावर: तांब्याचा पत्रा, सुई]

असं छापचित्र करायचं तर पत्रा तापवून त्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर द्यायचा, धुरानं काळा करायचा, सुईनं रेघा खरवडायच्या. मग आम्ल, ते उघड्या रेघा खातं. रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसानं सारायचे. राहिले तर तिथं रेघ तुटते. लांबची झाडं फिकी हवीत, म्हणून त्या रेघा थोड्या खाल्ल्या गेल्या की वार्निशनं बुजवायच्या आणि माणसांच्या रेघा आणखी खाऊ द्यायच्या. छाप उलटा येतो. मजकूर उलटा कोरायचं कोणी विसरत नाही, पण हात विसरला जातो. जुन्या छापांत डावखुरे द्वंद्ववीर दिसतात ते बरेचदा यामुळेच.

चित्रातल्या अंतराचं म्हणाल, तर त्यावर विसंबू नका. त्या दिवशी 12 पावलं मोजली होती, साधारण 9 मीटर. 35 सेंटिमीटर रुंद पत्र्यावर ते प्रमाणात काढलं, तर माणूस 7 सेंटिमीटरचा आणि डोकं जेमतेम 9 मिलिमीटरचं होईल. मग शेवंड ओळखू कसा येणार? म्हणून चित्रकार दोघांना जवळ ओढतो.

[पडद्यावर: चित्राची पार्श्वभूमी]

द्वंद्वाचे नियम सांभाळायचे ते दोन्हीकडच्या सेकंडनी, म्हणजे सोबत आणलेल्या विश्वासू माणसांनी. वेलिंग्टनचा सेकंड हेन्री हार्डिंज. हाच पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. 1815 च्या लिन्यीच्या लढाईत त्याचा डावा हात गेला होता, त्यामुळे पिस्तुलं भरली डॉक्टर ह्यूमनं.

वेलिंग्टनची गोळी बाजूनं गेली; विंचिल्सीनं हवेत बार काढला. मग त्याचा सेकंड लॉर्ड फॅल्मथ यानं खिशातून लेखी खुलासा काढला. त्यात 'माफी' हा शब्दच नव्हता! वेलिंग्टन अडून बसला. अखेर तो शब्द जागेवरच घालण्यात आला, तेव्हा कुठं वेलिंग्टननं हॅटच्या कडेला दोन बोटं लावली आणि घोड्यावर बसून निघून गेला.