काटकोन कागदावर

(दृश्य: जोत्याची आखणी. खुंट्या, फक्की, ताणलेली लाइनदोरी.)

एका भिंतीची दोरी लागली. दुसरी तिला काटकोनात हवी. गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमध्ये टेप बरोबर ५ फूट दाखवतो. 'आलं गुण्यात.' म्हणजे काटकोन जुळला.

कागदावर हेच काम समीकरणं करतात. १६३७ साली फ्रेंच गणितज्ञ रने देकार्तनं वक्ररेषेला लंब काढायची बीजगणिती रीत छापली, आणि भूमितीतला याहून उपयोगी प्रश्न आपल्याला ठाऊक नाही, असंही लिहून ठेवलं. आपण वक्राच्या वाटेला जात नाही. सरळ रेषा पुरे.

(दृश्य: आलेखाचा कागद.)

हा रस्ता. (०, १) आणि (४, ३) मधून जाणारा. ४ चौकोन उजवीकडे जाताना २ चौकोन वर, म्हणजे चढ १/२. समीकरण, य = क्ष/२ + १. आणि (५, १) वर एक घर. रस्त्यावरच्या जलवाहिनीपासून तिथवर कमीत कमी पाइप लागायला हवा, म्हणजे तो रस्त्याला लंबच टाकायचा.

लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे १, हे अकरावीत घोकलेलं असतं. का, ते विचारलं की वर्ग गप्प. खरं तर कारण सूत्रापेक्षा सोपं आहे.

(दृश्य: त्रिकोण हळूहळू फिरतो.)

रस्त्याला टेकलेला एक त्रिकोण घ्या: उजवीकडे २, वर १. तो डावीकडे पाव फेरी फिरवा. 'उजवीकडे २' चं झालं 'वर २'. 'वर १' चं झालं 'डावीकडे १'. आकड्यांनी जागा बदलल्या, एक दिशा उलटली. चढ, उणे २.

घरापासून डावीकडे १, वर २ मोजा. (४, ३). रस्ता लागलाच! अंतर √५, कागदावरचा एक चौकोन १० मीटरचा धरला तर साधारण २२.४ मीटर पाइप.

मोबाइलवर हा आलेख काढून काटकोन वाकडा दिसला, तर आधी दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं आहे का ते बघा. बहुतेकदा गोम तिथेच असते.

उभ्या रेषेपाशी मात्र गुणाकाराचा नियम अडतो, कारण तिला चढच नसतो. म्हणून आम्हाला दुसरी रीत जास्त पसंत. रस्ता असा लिहा: क्ष − २य = −२. डावीकडचे गुणक १ आणि −२. त्यांची अदलाबदल करा, एकाचं चिन्ह फिरवा, पाइपच्या रेषेची डावी बाजू मिळाली: २क्ष + य. उजवीकडे काय? घराचे ५ आणि १ घाला. दहा अधिक एक.

(पडद्यावर: २क्ष + य = ११)