तोंडी सौद्यांचा चौक

ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथल्या गोदीवर कोळशाचा भाव एके काळी पाटीवर लिहिला जाई. व्यापारी कचेरीच्या दाराबाहेर पाटी लावायचा आणि भाव हलला की जुना आकडा पुसून खडूने नवा टाकायचा. बरेचसे सौदे गुत्त्यांतच ठरायचे. वेल्सच्या खोऱ्यांमधला कोळसा जगभर निघाला होता, पण तो विकणाऱ्यांना एकत्र उभं राहायला छप्पर नव्हतं. ते छप्पर कसं आलं आणि त्याच्याभोवती अख्खा चौक कसा बदलला, हे मला आज सांगायचं आहे.

या चौकाचं नाव माउंट स्टुअर्ट स्क्वेअर. इथली गोदी ब्यूटच्या दुसऱ्या मार्क्विसने, म्हणजे तिथल्या उमरावाने, स्वतःच्या पैशाने बांधली आणि ती 1839 साली खुली झाली. स्कॉटलंडमध्ये ब्यूट बेटावर त्या घराण्याचा वाडा आहे, त्याचंच नाव चौकाला दिलं. सुरुवातीला ही राहती वस्ती होती. चारी बाजूंना घरं आणि मधोमध बाग. मग ऱ्होंडा खोऱ्यातला कोळसा रेल्वेने खाली येऊ लागला. हा कोळसा कडकडीत जळतो आणि धूर फार कमी करतो, त्यामुळे ब्रिटिश आरमाराला तोच हवा असे. धूर दिसला नाही तर शत्रूला जहाजाचा सुगावा लागत नाही! आपल्या कोकणातले खलाशी ज्या आगबोटींवर चाकरीला होते, त्या बोटींच्या वाटेवर बंदरोबंदरी याच वेल्श कोळशाच्या वखारी होत्या.

धंदा वाढला तशी चौकातली बाग गेली. बागेच्या जागेवर एडविन सेवर्ड या वास्तुविशारदाने कोल एक्सचेंज, म्हणजे कोळशाचे सौदे करण्याची इमारत, उभारलं आणि 1886 मध्ये ते सुरू झालं. चौकाचा नकाशा समोर ठेवून पाहा. मोकळ्या जागेचा जवळजवळ घासन् घास या इमारतीने घेतला आहे. भोवतीने उरला आहे तो फक्त रस्ता. हळूहळू आजूबाजूची घरंही गेली आणि तिथे जहाजमालक, दलाल, विमेवाले आणि बँका आल्या.

हे सगळे एवढ्या दाटीने का बसले? माझ्या मते या इमारतींचं मर्म याच प्रश्नात आहे. सौदे तोंडी व्हायचे. दुपारी बारा ते एक ही ऐन गर्दीची वेळ. तेव्हा एक्सचेंजच्या मुख्य दालनात दोनशेपर्यंत माणसं उभी असत, हातवारे करत, ओरडत. विकायचा कोळसा तिथे नसायचाच, तो खाली धक्क्यावर बोटींच्या पोटात पडत असायचा. वर चालायचा तो शब्द. शब्द द्यायचा तर माणूस समोर हवा, आणि मालकाला विचारून परत यायचं तर कचेरी हाकेच्या अंतरावर हवी. चौकातल्या जागेला किंमत आली ती यामुळे.

दालनाची आजची सजावट 1911-12 मधली, तीही सेवर्डचीच. भिंतींना गडद ओक लाकूड, वर सज्जे, उंच खांब. दाराशी दोन बसलेले सिंह आहेत आणि त्यांच्यापाशी घड्याळाच्या तबकड्या आहेत. दहा लाख पौंडांचा पहिला चेक इथेच लिहिला गेला, अशी गोष्ट लोक हौसेने सांगतात. मला त्या चेकपेक्षा ही घड्याळं जास्त बोलकी वाटतात. कार्डिफला भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरच्या आसपास जातो. बोट गोदीत येणार आणि गोदीबाहेर पडणार ती भरतीच्या हिशेबाने. भरती चुकली की बोट अडकली, आणि बोट अडकली की पैसा अडकला. त्या दालनात वेळ म्हणजे समुद्राचं पाणी होतं.

1913 साली कार्डिफमधून एक कोटी टनांहून अधिक कोळसा गेला. तो कळस होता. पुढे जहाजं तेलावर चालू लागली आणि परदेशी गिऱ्हाईक तुटलं. 1947 मध्ये खाणी सरकारच्या झाल्या. मालक एकच उरल्यावर भावासाठी ओरडायचं कुणी आणि कुणापुढे? 1958 मध्ये एक्सचेंज बंद झालं आणि 1964 मध्ये कार्डिफमधून कोळशाची निर्यातच थांबली.

त्यानंतरची एक हकीकत मला फार लागते. 1970च्या दशकात वेल्सला स्वतःची विधानसभा मिळणार अशी चिन्हं होती. तिच्यासाठी हेच दालन निवडलं आणि सभागृहासारखं सजवलंही. 1 मार्च 1979ला जनमत घेतलं गेलं आणि लोकांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. दालन तयार होतं, पण बसायला कुणी आलं नाही. वीस वर्षांनी विधानसभा खरोखर आली, तेव्हा ती दुसरीकडे भरली. जिथे शब्दाला एवढी किंमत होती त्या जागेत वेल्सची चर्चा घुमायला हवी होती, असं मला आजही मनापासून वाटतं.

2017 पासून तिथे हॉटेल आहे. ज्या फरशीवर भाव फुटायचा तिथे आता लग्नाच्या पंगती बसतात. भिंतींना तोच ओक आहे, आणि दाराशी तेच दोन सिंह.