पहिलीच्या वर्गाचा वाटा

श्रोते हो, नमस्कार.

दोन देशांच्या शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना करताना बहुधा राष्ट्रीय उत्पन्नातील टक्केवारी सांगितली जाते. भारताचा हा खर्च चार ते साडेचार टक्क्यांच्या घरात आहे आणि दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. एवढेच ऐकले तर दोघांत फारसे अंतर नाही असे वाटेल. परंतु कोरियाचे दरडोई उत्पन्न आपल्या तेरा-चौदा पट आहे. शिवाय चौदा वर्षांपर्यंतची मुले तेथे लोकसंख्येच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकी, तर आपल्याकडे चौथ्या हिश्श्याइतकी आहेत. तेथील पगार आणि महागाई जमेस धरली, तरी एकेका मुलाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेत फार मोठी तफावत उरते.

कोरिया श्रीमंत आहे म्हणून खर्च करतो, असे कोणी म्हणेल. घडले मात्र उलट्या क्रमाने. १९४८च्या संविधानाने तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, पाठोपाठ युद्ध आले आणि १९५३ मध्ये ते थांबले तेव्हा असंख्य शाळा जमीनदोस्त झालेल्या होत्या. अशा कंगाल देशाने १९५४ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची सहा वर्षांची योजना आखली, शिक्षण खात्याच्या पैशांतील सिंहाचा वाटा प्राथमिक शाळांना दिला आणि १९५९ पर्यंत ९५ टक्क्यांहून अधिक मुले शाळेत आणली. आपल्या संविधानाच्या ४५ व्या कलमानेही मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती संपली तेव्हा, १९६०-६१ मध्ये, पहिली ते पाचवीच्या पटनोंदणीचे प्रमाण मात्र ६२ टक्केच होते.

कोरियाने याची किंमतही मोजली. एका वर्गात साठाहून अधिक मुले बसत, शाळा दोन पाळ्यांत भरत, शाळेसाठी पालकांकडून वर्गणी घेतली जाई आणि माध्यमिक व उच्च शिक्षणाचा बराचसा भार कुटुंबांवरच राहिला. आपण त्याच दशकात खरगपूर आणि पवई येथे तंत्रज्ञान संस्था उभारल्या. त्या उभारल्या याचे मला समाधानच आहे. परंतु तेवढी निकड गावातल्या एकशिक्षकी शाळेबद्दल सरकारदरबारी कोणाला वाटली नाही, याची खंत वाटते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कोरियाचा कायदा. देशाच्या अंतर्गत करांपैकी २०.७९ टक्के रक्कम स्थानिक शिक्षण मंडळांना द्यावीच लागते, असे तेथे कायद्यात लिहिलेले आहे. दरवर्षी कोणापुढे हात पसरावे लागत नाहीत. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे लक्ष्य सांगितले, १९६८च्या धोरणात ते आले आणि २०२०च्या धोरणातही तेच लिहिले आहे. १९६६ साली पहिलीत बसलेले मूल आता साठी ओलांडून गेले.

मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्येच मांडले होते आणि त्यात खर्चाचे दोन हिस्से सरकारने, एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, असा हिशोबही दिला होता. पुढच्या वर्षी ते तेराविरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा कायदा आला तो २००९ मध्ये, आणि त्यातही पैशांचा वाटा असा आकड्यात बांधलेला नाही.

हे अंतर कागदापुरते नाही. मे २०२५ पासून शालेय पोषण आहारासाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. पण वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि इंधन एवढ्यातच भागवायचे असते. बाजारात तूरडाळ, तेल कडाडले, म्हणून हा आकडा त्या आठवड्यात वाढत नाही. मग डाळ पातळ होते, भाजीचे प्रमाण घटते, आणि खिचडी शिजवणाऱ्या बाई वाढताना हात आखडता घेतात.

कोरियात सध्या वेगळाच वाद चालू आहे. जन्मदर घसरला, वर्गात आता वीस-एकवीस मुले उरली, तरी कायद्याने बांधलेला पैसा येतच राहतो. तेव्हा तो कमी करावा की त्याच पैशांत प्रत्येक मुलाकडे अधिक लक्ष द्यावे, यावर तेथे चर्चा चालली आहे. आपल्याही राज्याच्या अंदाजपत्रकात पहिली ते पाचवीचा वाटा कायद्याने ठरवून द्यावा, अशी मागणी पुढच्या ग्रामसभेत, पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपण करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नमस्कार.