वळणातला तडा

[दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. फौंड्रीच्या दारात कास्टिंगची रास.]

उद्यमबागेतला जुना कामगार कास्टिंग हाती आलं की आधी हातोडी मारतो. खणखणीत वाजलं तर माल पुढे. नाहीतर शेजारच्याला हाक, "बघ की रे, ह्यो बद वाजाय लागलाय!" आतली चीर त्याला कानानं कळते.

आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. आणि विमानात आता धातूबरोबर कार्बन फायबर आलंय. बोईंग ७८७ चा वजनानं जवळपास निम्मा सांगाडा कंपोझिटचा आहे, म्हणजे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन (चिकट राळ) मिळून बनलेल्या मालाचा. या मालाचं दुखणं हातोडीला सहज सापडत नाही.

[दृश्य: एल आकाराचा काळा ब्रॅकेट. कॅमेरा वळणाच्या कडेवर.]

कडेला नीट बघा, थर दिसतील. एकेक थर पाव मिलिमीटरहूनही पातळ. त्यातला तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा, आणि तंतूच्या दिशेनं ताकद जबरदस्त. पण दोन थरांच्या मध्ये तंतू नसतात, तिथं सगळा भरवसा रेझिनवर. ब्रॅकेटचे दोन्ही पाय बाहेर ओढले की वळण उघडू पाहतं आणि आतले थर एकमेकांपासून उचलले जातात. वळण जितकं घट्ट, तितका हा ताण जास्त. त्यात साच्याच्या कोपऱ्यात थरांना चुण्या पडतात, हवेचे बुडबुडे अडकतात. वरून मात्र भाग चकचकीतच दिसतो.

म्हणून भार देतानाच सेन्सर लावून ऐकायचं. याला अकॉस्टिक एमिशन म्हणतात. तडा सरकला की लवचिक लहरी सुटतात. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत. इथले सेन्सर साधारण १०० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंतचं टिपतात.

[दृश्य: ग्रीस लावून सेन्सर बसवणारा हात. शेजारी पेन्सिल.]

सेन्सर नीट बसलाय का, हे बघायला अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलची शिस तिरकी टेकवून मोडतात. पडद्यावर लगेच रेघ उसळते. मग तीच शिस वळणावर ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा मोडायची, कारण कार्बनमध्ये लहर तंतूच्या दिशेनं वेगात धावते, आडवी सावकाश. प्रत्येक जागेहून लहर पोचायला लागणारा वेळ त्याच भागावर मोजला नाही, तर तडा एकीकडे आणि आपलं बोट दुसरीकडे.

रेझिनला चीर गेली, थर सुटला, तंतू तुटला, तिन्हींचे संकेत वेगळे असतात. तरी ते एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एका ठोक्यावर निकाल देऊ नये. अधिक भरवशाची खूण दुसरी आहे. जर्मन संशोधक जोसेफ कायझर यांनी १९५० मध्ये धातूंबद्दल दाखवलं, की भार काढून पुन्हा चढवला, तर आधी सोसलेल्या भारापर्यंत वस्तू गप्प राहते. बिघडलेलं कंपोझिट त्या भाराच्या आधीच बोलू लागतं. ज्या भारावर ते बोलू लागलं, त्याला आधी सोसलेल्या भारानं भागलं की मिळतो फेलिसिटी रेशो. तो १ च्या खाली घसरत चालला, तर आत नुकसान वाढतंय.

[दृश्य: काळा पडदा. नुसता आवाज.]

टायटन पाणबुडीचं नळकांड्यासारखं मधलं कवच कार्बन फायबरचं होतं आणि त्यावर असे सेन्सरही होते. १५ जुलै २०२२ ला वर येताना मोठा धमाका ऐकू आला. त्यानंतर ताणाच्या नोंदी बदलल्या, हे तपासात पुढे आलं. पाणबुडी तरीही पुन्हा खोल पाण्यात उतरवली गेली. १८ जून २०२३ ला ती पाण्याखाली चिरडली आणि आतल्या ५ माणसांचा जीव गेला. संतापच येतो. सेन्सरनं आपलं काम केलं होतं.

[दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा. मशीनसमोर मुलं.]

बेळगावच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना म्हणूनच एक कळकळीचं सांगणं आहे. भार चढवण्याआधी कागदावर लिहा, रेशो कितीवर आला की थांबायचं. आणि पडद्यासमोर बसलेल्याला, मग तो सगळ्यात धाकटा का असेना, कुणाला न विचारता भार उतरवायची मुभा द्या. मग तो भाग अल्ट्रासोनिक स्कॅनला जाऊ दे. थर कुठवर सुटलाय ते मोजल्याशिवाय तो परत मशीनवर चढवायचा नाही.