'सेव्हन': न दाखवलेले खून आणि विसरलेली माणसं

मंडळी, खानापूर-कणकुंबीचा पाऊस आपल्या सवयीचा. तरी 'सेव्हन'मधला पाऊस अंगावर येतो. डेव्हिड फिंचरच्या या 1995 सालच्या चित्रपटात शहराला नावच नाही. निवृत्तीला आठवडा उरलेला पोलीस तपासनीस सॉमरसेट, नव्यानं बदली होऊन आलेला त्याचा तापट जोडीदार मिल्स आणि ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांच्या हिशेबानं माणसं मारणारा जॉन डो. शेवट सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी सांभाळून घ्यावं.

जॉन डोनं केलेला एकही खून पडद्यावर घडत नाही. पोलीस पोचतात तेव्हा सगळं उरकलेलं असतं. आळसाचा प्रसंग आठवा. अंधारी खोली, बॅटऱ्यांचे झोत, छताला टांगलेल्या झाडाच्या आकाराच्या असंख्य सुगंधी पट्ट्या. त्या कशासाठी टांगल्यात, हे आपल्या नाकाला आधी कळतं. खाटेला बांधलेला सांगाडा मेलाय असं सगळे धरून चालतात, एक शिपाई तोंडाजवळ वाकतो आणि तो सांगाडा खोकतो! मग सापडतात वर्षभराचे फोटो. मारामारी नाही की रक्ताचा सडा नाही, पण ते वर्ष आपण मनात भरून काढतो. दारियुस खोंजीचं छायाचित्रण इथे दिग्दर्शकाच्या तोडीस तोड आहे.

आपण वाचनालयात बसलोय म्हणून आणखी एक सांगतो. सॉमरसेट रात्री ग्रंथालयात दांते या इटालियन कवीचं पुस्तक उघडतो, पहारेकरी पत्ते खेळतात, बाखचं संगीत चालू असतं. पुढे खुन्याचा माग लागतो तोही कोण कुठली पुस्तकं नेतो त्या नोंदींवरून. पुस्तकाला इतका मान देणारा पोलिसी चित्रपट मला दुसरा आठवत नाही.

आता खटकणारी बाजू, आणि ती मला फार खटकते. जॉन डोकडे अमाप पैसा, वेळ आणि अक्कल. त्याचा डाव कुठेच फसत नाही. 1996 साली कोल्हापूरचं बालहत्याकांड उघडकीला आलं, ते इथल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. त्यात कसलं आलंय तत्त्वज्ञान? चोरी करताना आडोसा म्हणून लेकरं पळवायची आणि अडचण झाली की मारायची. खरी क्रूरता बहुतेक वेळा अशी कोती असते. 'सेव्हन' मात्र खुन्याला प्रवचनकाराचं आसन देतो. गाडीतल्या त्या लांब संवादात तो बोलतो, आपण ऐकत राहतो.

आपल्या संतांनी षड्रिपू सांगितले ते स्वतःच्या आत शोधायला. जॉन डो पापं शोधतो दुसऱ्यांच्या अंगात. स्वतःचा मत्सर तो कबूल करतो ते शेवटी, आणि तेही डाव पुरा करायला. चित्रपटानं त्याला इथे गाठायला हवं होतं. मिल्स त्याला वेडा म्हणून उडवून लावतो, पण या मुद्द्यावर कुणीच धरत नाही.

आणि ट्रेसी, मिल्सची बायको. एका साध्या हॉटेलात ती सॉमरसेटला सांगते, मी गरोदर आहे, नवऱ्याला अजून बोलले नाही. ग्विनेथ पॅल्ट्रोनं तो प्रसंग जिवंत केलाय. पण त्यानंतर ती पडद्यावरून जवळजवळ नाहीशीच होते आणि थेट जॉन डोनं धाडलेल्या खोक्यातून परत येते, कापलेल्या डोक्याच्या रूपात. तो शेवट बदलू नये म्हणून ब्रॅड पिट अडून बसला होता, आणि शेवट म्हणून तो जबरदस्त आहेच. पण सॉमरसेट खोकं उघडतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं मिल्स जॉन डोवर गोळी झाडणार का याकडे. गेली ती ट्रेसी, आणि तिच्यासाठी चित्रपट एक मिनिटही थांबत नाही.