तारा फुटला, त्याचं जन्माचं वजन किती?

(दृश्य : पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. रात्र. उत्तरेला सप्तर्षी.)

सप्तर्षीच्या शेपटातले टोकाचे दोन तारे, वसिष्ठ आणि मरीची. या दोघांशी त्रिकोण होईल अशा जागी एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे, एम १०१. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना तिच्या एका भुजेत नवा ठिपका दिसला. साधारण दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वी तिथं एक तारा फुटला होता, त्याचा उजेड आत्ता पोहोचला. थोड्याच दिवसांत तो अकराव्या प्रतीपर्यंत (प्रत हे ताऱ्याच्या चमकेचं माप) चढला, म्हणजे हौशी माणसाच्या आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात. मे अखेरीस कोल्हापुरावर वळवाचे ढग असतात. पण आभाळ मोकळं मिळालं, तर इथूनही तो दिसण्यासारखा होता.

अभ्यासकांनी लगेच विचारलं : हा तारा जन्मला तेव्हा केवढा होता? वजन हा आपला बोलण्यातला शब्द. मोजायचं असतं वस्तुमान, आणि माप आपला सूर्य.

ताऱ्याचं सगळं नशीब या एका आकड्यात असतं. सूर्य एकूण सुमारे १० अब्ज वर्षं जगेल. वीस सूर्यांएवढा तारा एक कोटी वर्षांच्या आसपास इंधन संपवतो. साधारण आठ सूर्यांच्या खालचा तारा असा फुटत नाही, श्वेत बटू, म्हणजे छोटा दाट गोळा होऊन निवत जातो. त्याच्या वरच्यांचा गाभा स्वतःच्याच भारानं कोसळतो, आणि तारा बहुधा फुटतो.

(दृश्य : करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ, बाजूला ढेपा.)

काहील उतरली, ढेपा तयार झाल्या. ऊस केव्हाच चरकातून गेला. तरी जुना गुळव्या ढेपांकडं बघून सांगतो, एवढ्याला अमुक टन ऊस लागला असणार. त्याला उतारा माहीत असतो. पण ऊस लावणीचा की खोडवा, कोणत्या जातीचा, कोणत्या महिन्यात तोडलेला, यावर उतारा बदलतो, आणि मग अंदाज हलतो. ताऱ्याच्या बाबतीत उतारा संगणकावरच्या प्रतिकृतींमधून काढलेला असतो. तारा आयुष्यभर वाऱ्यासारखे झोत सोडत वस्तुमान गमावतो. कधी जोडीदार तारा ते ओढून घेतो. मरताना उरलेल्यावरून जन्माचं काढायचं, तर मधली गळती किती धरायची हाच वादाचा मुद्दा.

(दृश्य : मोठा मॅगेलनी मेघ.)

सगळ्यात सरळ पुरावा म्हणजे स्फोटाआधीचा फोटो. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, तारा फुटला. कोल्हापुरातून हा मेघ दक्षिण क्षितिजावर जेमतेम तीन-चार अंश वर येतो, म्हणजे आपल्याला नसल्यातच जमा. फुटलेला तारा निकोलस सँड्युलिक यांच्या यादीत आधीच नोंदलेला होता, सुमारे वीस सूर्यांचा. पण तो निघाला निळा! असे तारे मरताना तांबडे असतात अशी सगळ्यांची समजूत. दोन तारे आधीच एकमेकांत मिसळून तो झाला असावा, हे आज बऱ्याच जणांना पटतं. तसं असेल तर जन्माचं वजन नेमकं कुणाचं धरायचं?

२००३ साली एम ७४ या दीर्घिकेत झालेला स्फोट यापेक्षा नीट उलगडला. हबल या अवकाश दुर्बिणीच्या जुन्या फोटोत त्याच जागी एक तांबडा महाराक्षसी तारा सापडला, आठ सूर्यांच्या आसपासचा. काही वर्षांनी, स्फोटाचा उजेड ओसरल्यावर, पुन्हा फोटो काढला. तारा जागेवर नव्हता. माझ्या मते या शास्त्रातला सर्वांत भक्कम पुरावा हाच, कारण नेमका कोणता तारा फुटला हे ठरवायला इथं प्रतिकृतीवर विश्वास ठेवावा लागत नाही. जन्माच्या वजनासाठी मात्र ती लागतेच.

फोटोतून मिळते चमक आणि रंग. अंतर धरून खरी तेजस्विता काढायची, तिच्यावरून गाभ्याचं वस्तुमान, आणि त्यावरून जन्माचं. एम १०१ मधल्या ताऱ्याचे तर हबल आणि स्पिट्झर अशा दोन्ही अवकाश दुर्बिणींचे फोटो होते. पण तारा स्वतःच सोडलेल्या धुळीत गुरफटलेला, शिवाय हजारांहून अधिक दिवसांच्या आवर्तनानं कमी-जास्त होणारा. धूळ किती धरायची, यावर कुणी दहा सूर्य म्हणालं, कुणी वीस. जवळपास तेच फोटो, आणि उत्तरात दुपटीचा फरक.

(दृश्य : लडाख, हान्ले वेधशाळा.)

म्हणून दुसऱ्या बाजूनं ताळा घेतात. सहा-आठ महिन्यांनी स्फोटाचा पसारा विरळ होतो आणि आतलं दिसू लागतं. त्याच्या उजेडाच्या वर्णपटात ६,३०० आणि ६,३६४ अँगस्ट्रॉमपाशी (हे तरंगलांबीचं माप) ऑक्सिजनच्या रेषा उमटतात. मोठ्या ताऱ्यात ऑक्सिजन जास्त शिजतो. हान्लेच्या दोन मीटर चंद्रा दुर्बिणीनं एम १०१ मधला हा स्फोट पाहिला. अशीच दोन मीटरची दुर्बीण आपल्याकडं जुन्नरजवळ गिरवलीला आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची. आणि आयुका उभारणारे जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे. शेजारच्या ताऱ्यांचं वय काढूनही अंदाज बांधतात, कारण वायूच्या एकाच ढगात जन्मलेले साधारण एका वयाचे असतात. जुना फोटोच नसेल, तिथं ही रीत कामी येते.

आता खरी अडचण. २००९ साली खगोलशास्त्रज्ञ स्टीफन स्मार्ट आणि सहकाऱ्यांनी अशा तांबड्या ताऱ्यांचा एकत्र हिशेब मांडला. फुटणारे साडेआठपासून सुमारे साडेसोळा सूर्यांपर्यंतच सापडले. आकाशात तर पंचवीस सूर्यांपर्यंतचे तांबडे तारे दिसतात. वरचे जातात कुठं? काही म्हणतात, धुळीमुळं आपण त्यांना हलकं समजतो. काही म्हणतात, ते न फुटता सरळ कृष्णविवरात जातात. एनजीसी ६९४६ या दीर्घिकेतला, पंचवीस सूर्यांच्या आसपासचा एक तारा २००९ मध्ये थोडा उजळला आणि दिसेनासा झाला. नंतर जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला त्या जागी मंद अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड दिसला, आणि तो गेला की लपला, हा वाद पुन्हा पेटला.

चिलीतल्या वेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. दहा वर्षं ती दक्षिणेचं आकाश दर काही रात्रींनी टिपणार आहे. त्यामुळं तिकडच्या जवळच्या दीर्घिकेत तारा फुटला, तर आधीचा एखाददुसरा फोटो शोधत बसावं लागणार नाही, त्याच्या कमी-जास्त होण्याची वर्षानुवर्षांची नोंदच हाताशी असेल. धुळीचा हिशेब मात्र अवरक्त प्रकाशातच लागतो, आणि त्यासाठी वेबकडं वेळ मागावा लागेल.